मुलांना घेऊन युकॉन: कॅल्गरी ते टक्टोयाक्टक गाडीने, जमेल का?

उनाडबाप:
नमस्कार मंडळी, जुलैत तीनेक आठवड्यांची सुट्टी कशीबशी पदरात पाडून घेतलीये आणि डोक्यात किडा शिरलाय तो असा की कॅल्गरीहून आपली स्वतःची गाडी काढायची, एडमंटन करत डॉसन क्रीकला जायचं, तिथून अलास्का हायवे धरून व्हाइटहॉर्स (कॅनडाच्या पार वायव्येतल्या युकॉनची राजधानी), मग डॉसन सिटी, आणि मग तो डेम्पस्टर हायवे थेट टक्टोयाक्टकपर्यंत, म्हणजे जिथे रस्ता संपतो आणि आर्क्टिक समुद्र सुरू होतो तिथपर्यंत. आणि परत. मुलगी दहाची आहे, चिरंजीव पाचचे, दोघांनाही तंबूत झोपायची सवय आहे पण बँफ-जॅस्परच्या पलीकडे काही पाहिलेलं नाहीये. गाडी एसयूव्ही आहे, तंबू आहे, उत्साह भरपूर. बायको म्हणते आधी कुणाला तरी विचार. म्हणून विचारतोय. टायर, अस्वलं, डास, शी-शू, काय काय लागतं ते सगळं सांगा. वेडेपणा वाटत असेल तर तेही बिनधास्त सांगा, हलके घेईन.

दगडफूल:
वेडेपणा नाही, पण हिशोब केलाय का? कॅल्गरी ते डॉसन क्रीक नऊशेच्या आसपास, डॉसन क्रीक ते व्हाइटहॉर्स १,४०० च्या वर, तिथून डेम्पस्टरचा फाटा ५०० च्या आत, मग इनुविकपर्यंत ७४० आणि पुढे टक (टक्टोयाक्टक) १४०. एका बाजूचे ३,६०० च्या वर झाले, येऊन-जाऊन सात हजार तीनशे. तीन आठवड्यांनी भागलं की रोजचे ३५० किलोमीटर, एकही दिवस मुक्काम न हलवता घालवला नाही असं धरून! त्यातले शेवटचे पावणेनऊशे (आणि येतानाचेही तेवढेच) बहुतेक खडीचे, पावसात चिखलाचे. पाच वर्षांच्या पोराला रोज ३५० किलोमीटर कार सीटला बांधून ठेवणार आणि त्याला आपण 'निसर्ग दाखवला' म्हणणार. माझं मत विचाराल तर वरचं टोक कापा, राहिलेल्या ठिकाणी जास्त थांबा.

चहाटळ:
आमच्याकडे किराणा आणायला पंचवीस मिनिटांची ड्राइव्ह असते आणि त्यात दोनदा "आलं का?" होतं. तुम्हाला सलाम. (वाचनखूण साठवली.)

भटकभवानी:
दगडफूल, गणित बरोबर आहे पण गणिताने कोण कुठे फिरतं? उनाडबाप, आम्ही दोन मुलींना घेऊन टकपर्यंत गेलोय आणि माझं स्पष्ट मत आहे की पोरांना काही होत नाही, होतं ते गाडीला आणि आईबापाच्या मानेला. डेम्पस्टर हा कॅनडातला वर्षभर चालणारा एकमेव रस्ता आहे जो आर्क्टिक वर्तुळ ओलांडून जातो. १९७९ साली इनुविकपर्यंत उघडला, आणि इनुविक ते टक हा शेवटचा तुकडा नोव्हेंबर २०१७ मध्ये झाला, त्याआधी टकला गाडीने जायचं तर हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरच्या बर्फाच्या रस्त्यानेच जावं लागे. टकजवळ ते पिंगो आहेत, म्हणजे आत बर्फाचा गाभा असलेल्या टेकड्या, सगळ्यात मोठा इब्युक जवळपास पन्नास मीटर उंच. माझी धाकटी त्याला अजून 'बर्फ भरलेला मोदक' म्हणते. समुद्रात पाय बुडवले, बोंबा मारल्या, मोजे चढवले, परत बुडवले. हे पोरांना आयुष्यभर पुरतं.

प्रामाणिकपणे एक सांगते. आर्क्टिक वर्तुळाच्या पाटीशी पोहोचलो, किलोमीटर ४०५ ला, बापाने ट्रायपॉड लावला, आणि दोघी गाडीत गाढ झोपलेल्या. उठवल्या तर एक रडायला लागली. फोटोत आम्ही दोघंच आहोत.

दगडफूल:
तो फोटो माझ्या बाजूचा पुरावा म्हणून दाखल करून घ्यावा :)

उनाडबाप:
ह्या ह्या. बरं, मग रस्ता नक्की किती वाईट आहे? आमच्या गाडीला साधे ऑल-सीझन टायर आहेत. आणि वाटेत पेट्रोलचं काय?

भटकभवानी:
टायर हाच मुख्य मुद्दा आहे. डेम्पस्टरवर काही पट्ट्यांत खडी म्हणून जो दगड टाकतात तो पातळ आणि धारदार, पाटीच्या दगडासारखा, साधे टायर कापतो. दहा प्लायचे जाड टायर आणि पूर्ण आकाराचे दोन स्पेअर घ्या, ते छोटं डोनट चाक नेऊ नका, त्याच्यावर तिथे काही जाता येत नाही. पंक्चर किट, छोटा कॉम्प्रेसर, आणि जॅकखाली ठेवायला फळीचा तुकडा, कारण खडीत जॅक रुततो. स्पीड साठ-सत्तरच्या वर नेऊ नका, समोरून ट्रक आला की वेग कमी करून उजवीकडे व्हा, काच तडकतेच तडकते पण निदान छोटी तडकेल. धुळीत हेडलाइट लावलेलेच ठेवा.

पेट्रोल: फाट्यापाशी किंवा डॉसनला टाकी फुल्ल करायची, मग थेट ईगल प्लेन्स, किलोमीटर ३६९. मध्ये काही नाही. म्हणजे खरंच काही नाही, टपरीसुद्धा नाही. तिथून पुढे फोर्ट मॅक्फर्सन, ५५० च्या आसपास, मग इनुविक. मध्ये दोन फेरीबोटी, म्हणजे गाडी बोटीवर चढवून नदी पार करायची, पील नदी आणि मॅकेन्झी नदी, दोन्ही फुकट, पण नदीला पूर आला किंवा ओंडके वाहून आले की बंद, मग बसा काठावर वाट बघत. फोनला रेंज फक्त गावात.

रानमांजर:
मी व्हाइटहॉर्सला राहते, बऱ्याच वर्षांपासून, त्यामुळे दर उन्हाळ्यात असे पाहुणे पाहते. त्या रस्त्याबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही ती सांगते. डेम्पस्टर हा जमिनीवर बांधलेलाच नाहीये, तो खडीच्या जाड थरावर उचललेला आहे, कारण खाली पर्माफ्रॉस्ट आहे, म्हणजे कायम गोठलेली जमीन. जमिनीवरची शेवाळाची गादी खरवडून रस्ता केला असता तर खालचं बर्फ वितळून सगळा रस्ता चिखलात बसला असता. खडीचा थर पांघरुणाचं काम करतो, फक्त इथे पांघरूण गारवा आत ठेवायला. पण याचा मुलंवाल्यांसाठी अर्थ काय, तर कडा मऊ असतात आणि खाली उतार असतो. "बाबा शू आली" म्हटलं की पटकन कडेला घ्यायची सवय असते ना, ती इथे चालत नाही, चाक रुतलं की गाडी कलते. पुलआउट (गाडी थांबवायला कडेला केलेली जागा) येईपर्यंत कळ काढायला लावा, नाहीतर मागून-पुढून कुणी नाही हे बघून सरळ रस्त्यातच हळू थांबा, एक मोठं माणूस मागे उभं करून. आणि गाडीत एक छोटं प्रवासी पॉटी ठेवा, पाच वर्षांच्याला चालतं. युकॉनमध्ये रेस्ट एरियात संडास असतात, पण ते खड्ड्याचे, अंधारे, आणि आत डास घोंगावत असतात, मुलं घाबरतात. आमच्या एका पाहुण्यांचा मुलगा दारातून परत फिरला आणि म्हणाला "मला घरी गेल्यावर येईल."

तुमच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर: टक सोडा, पण डेम्पस्टर सोडू नका. फाट्यापासून किलोमीटर ७१ ला टूमस्टोन पार्कचं माहिती केंद्र आणि कॅम्पग्राउंड आहे. साध्या टायरने, हळू चालवत, हवामान बरं असेल तर तिथपर्यंत लोक जातात (स्पेअर घेऊनच). काळे टोकदार डोंगर, झाड नाही, नजर जाईल तिथवर टुंड्रा, म्हणजे खुरट्या झुडपांचं, शेवाळाचं माळरान. पाइका म्हणून उंदीर-सशाच्या मधला एक प्राणी असतो, दगडांच्या ढिगातून शिट्टी मारतो, मुलं तासन्‌तास त्याच्या मागे. तिथे तीन रात्री काढा. टकला जाऊन येण्यात जे दिवस जातात त्यातले निम्मेसुद्धा लागणार नाहीत आणि मुलं पूर्ण वेळ गाडीच्या बाहेर असतील.

दगडफूल:
+१०००. हेच म्हणत होतो, फक्त मला पाइका माहीत नव्हता.

शंकासूर:
अस्वलांबद्दल कुणीच का बोलत नाहीये?? तंबूत झोपणार म्हणतायत, पाच वर्षांचं पोर आहे, ग्रिझली आहेत तिथे. माझी बायको हे वाचून मला फोन दाखवतेय.

रानमांजर:
शंकासूर, घाबरायचं नाही पण गंभीरपणे घ्यायचं. बहुतेक सगळ्यांना इथे अस्वल दिसतं ते गाडीतून, रस्त्याच्या कडेला गवत नाहीतर बेरी खाताना. तेव्हा गाडीतून उतरायचं नाही, काच खाली करून पोराला बाहेर काढून फोटो तर अजिबात नाही, आणि वळणावर थांबायचं नाही. नॅशनल पार्कमध्ये अस्वलापासून १०० मीटर आणि मूस (भलंमोठं हरीण) वगैरेंपासून ३० मीटर अंतर ठेवायचा नियम आहे. मूसला लोक गाय समजतात. पिल्लू सोबत असलेली मूस अस्वलाइतकीच धोकादायक.

पायी चालताना मुलं मध्ये, मोठी माणसं पुढे-मागे, आणि बोलत राहायचं, गाणी म्हणा, पाढे म्हणा, काहीही. वळणावर, वाऱ्यात, ओढ्याच्या आवाजात तर जास्तच. मुलांना दोनच गोष्टी पढवा आणि निघायच्या आधी घरच्या अंगणात करून घ्या: पळायचं नाही, आणि आईबाबांना चिकटायचं. लहान असेल तर उचलून घ्यायचं. बेअर स्प्रे प्रत्येक मोठ्या माणसाच्या कमरेला, बॅगेत तळाशी नाही. तो अस्वल काही मीटरांवर आलं की तोंडावर मारायचा असतो, डासांच्या औषधासारखा अंगाला किंवा तंबूला फवारायचा नाही (हसू नका, लोक करतात). तापलेल्या गाडीत डॅशबोर्डवर ठेवू नका, डबा फुटू शकतो. विमानात चालत नाही, ना हाताच्या बॅगेत ना चेक-इनमध्ये, तुम्ही गाडीने येताय म्हणून ठीक.

आता खरा मुद्दा. अस्वलाला वास कळतो, आणि मुलं म्हणजे चालताबोलता वास. तंबूत खाऊ नाही, पाण्याच्या बाटलीत ज्यूस नाही, स्ट्रॉबेरीच्या वासाची टूथपेस्ट नाही, सनस्क्रीन नाही, चॅपस्टिक नाही. हे सगळं रात्री बंद गाडीत, नाहीतर कॅम्पग्राउंडच्या लोखंडी पेटीत. जॅकेटच्या खिशात अर्धी खाल्लेली ग्रॅनोला बार असतेच असते, झोपायच्या आधी खिसे तपासणे हा आईबापाचा रोजचा कार्यक्रम. जेवताना सांडलेले कपडे घालून झोपवायचं नाही. आणि कार सीटच्या फटीत काय काय असतं ते आपल्याला माहितीये, ते निघण्याआधी व्हॅक्यूम करा, म्हणजे निदान पाटी कोरी करून निघाल.

जुलै-ऑगस्टमध्ये क्लुआनी भागात सोपबेरी पिकतात, लाल, छोट्या, पायवाटांच्या अगदी कडेला. अस्वलं दिवसभर तेच खात असतात. झुडपावर लाल बेरी दिसायला लागल्या की त्या दिवशी ती वाट नको. पार्कवाले स्वतःच काही वाटा बंद करतात, माहिती केंद्रात विचारून मगच पुढे जा.

शंकासूर:
धन्यवाद. बायको म्हणते आपण हॉटेलात राहू.

रानमांजर:
त्यातही काही कमीपणा नाही हो.

डॉ_कडुनिंब:
अस्वलापेक्षा डासांनी ट्रिप मोडलेली जास्त पाहिली आहे. जून-जुलै हा ऐन हंगाम. कॅनडाच्या आरोग्य खात्याच्या सूचनांप्रमाणे सहा महिने ते बारा वर्षांच्या मुलांना १० टक्क्यांपर्यंतचं डीट (डास पळवायचं औषध). दोन ते बारा वयात दिवसातून तीनदापेक्षा जास्त नको. दुसरा पर्याय २० टक्क्यांपर्यंतचं इकॅरिडिन, हेही डासांचंच औषध, सहा महिन्यांवरच्या मुलांना चालतं, वास कमी, प्लास्टिक खराब करत नाही, मला ते आवडतं. आधी सनस्क्रीन, मग वरून हे. मुलांच्या तळहाताला लावू नका, डोळ्यात जातं. पण औषधापेक्षा कपडे कामाचे: फिक्या रंगाचे, ढगळ, पूर्ण बाह्यांचे, पँट मोज्यात खोचलेली, आणि डोक्यावर जाळी. जाळी घरी घालून टीव्ही बघायला लावा म्हणजे तिथे नाटकं होत नाहीत.

ब्लॅक फ्लाय (चावणारी बारीक काळी माशी) वेगळी. ती केसांच्या रेषेत, कानामागे चावते, चावलेलं लगेच कळत नाही आणि सकाळी पोराचा कान बटाटवड्याएवढा. घाबरू नका, बहुतेकदा सूज उतरते, पण खाजेचं औषध वयाप्रमाणे किती ते निघण्याआधी स्वतःच्या डॉक्टरांना विचारून लिहून घ्या. गाडी लागण्याच्या औषधाचंही तेच, आणि ते आधी घरी एकदा देऊन बघा, काही मुलं झोपण्याऐवजी उलट टणाटण उड्या मारतात.

पाणी उकळून. युकॉनच्या कॅम्पग्राउंडमधल्या पंपाचंही उकळूनच प्यायचं, खळखळून एक मिनिट. ओढ्याचं कितीही नितळ दिसलं तरी जिआर्डिया (जुलाब लावणारा जंतू) डोळ्यांना दिसत नाही. आणि विमा! हॉस्पिटल वॉटसन लेकला, व्हाइटहॉर्सला, डॉसनला, इनुविकला. मध्ये हात मोडला तर अंतरं तुम्ही वर वाचलीच. दुसऱ्या प्रांतातून येताय तर हवाई ॲम्ब्युलन्सचा खर्च आपल्या प्रांताचा आरोग्य विमा भरेलच असं नाही, वेगळा ट्रॅव्हल विमा घ्या. सॅटेलाइट मेसेंजर भाड्याने मिळतो, घ्याच.

केळीचं_शिकरण:
आम्ही पण पुढच्या वर्षी जायचं म्हणतोय पण विमानाने व्हाइटहॉर्स आणि तिथून आरव्ही (आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी). दोन मुलं, चार आणि सात. आरव्हीत मुलं सुखी राहतात ना? मागे खेळत बसतील.

दगडफूल:
मागे खेळत बसतील हे डोक्यातून काढा, चालत्या आरव्हीत सगळ्यांना बेल्ट लागतो. आणि बुक करताना हे विचाराच: पुढे तोंड असलेल्या, बेल्टवाल्या मागच्या सीट किती आणि टेदर अँकर (कार सीटचा वरचा पट्टा अडकवायची कडी) आहे का. कित्येक आरव्हीत डायनेटच्या (जेवणाच्या टेबलाच्या) सीट आडव्या किंवा उलट्या असतात, तिथे कार सीट बसतच नाही. आम्हाला एका भाड्याच्या कंपनीने (नाव नको) फोनवर "हो हो बसेल" म्हणून सांगितलं आणि तिथे गेल्यावर टेदर लावायला जागाच नव्हती, अर्धा दिवस दुसरी गाडी मिळेपर्यंत ऑफिसात. त्याच कंपनीचा खडीबद्दलही तोंडी एक आणि करारात एक. करार वाचा, 'ग्रॅव्हल' हा शब्द शोधा, आणि काच विम्यात आहे का बघा, बहुतेक ठिकाणी नसते. डेम्पस्टरची परवानगी बऱ्याच कंपन्या देत नाहीत, तिथल्या काही स्थानिक कंपन्या ट्रक देतात, जास्त पैसे घेऊन.

रानमांजर:
अजून एक, डिस्ट्रक्शन बे ते बीव्हर क्रीक या पट्ट्यात (अलास्काकडे जाताना) डांबर पर्माफ्रॉस्टमुळे लाटांसारखं वरखाली झालेलं असतं. आरव्हीच्या मागच्या चाकामागे बसलेलं मूल तिथे उडतं आणि मग ओकतं. ज्याला गाडी लागते त्याला मधल्या रांगेत बसवा, कडेच्या छोट्या लाल-केशरी झेंड्या दिसल्या की हळू घ्या.

उनाडबाप:
बापरे, एवढं वाचून डोकं भणभणलं पण मजा आली. बायकोने हे सगळं वाचून "टक गेलं" असं जाहीर केलंय. माझा जीव थोडा थोडा होतोय पण ठीक. मग रानमांजर, टूमस्टोन धरून बाकी काय करू? मुलांच्या अंगाने सांगा, संग्रहालयं फार नको.

भटकभवानी:
निषेध नोंदवते. पोरगी दहाची आहे, तिला विचारलंत का?

उनाडबाप:
विचारलं. तिला सोनं शोधायचंय. समुद्राचं तिला काही पडलेलं नाही.

रानमांजर:
मग काम सोपं आहे, ऐका. येताना घाई करू नका, अलास्का हायवेच मुळात सहल आहे. १९४२ मध्ये युद्धाच्या धामधुमीत अमेरिकन सैन्याने आठेक महिन्यांत हा रस्ता काढला. मंचो लेकपाशी स्टोन जातीच्या रानमेंढ्या रस्त्यावर येऊन खनिज चाटत असतात, पुढे लिआर्डच्या आसपास बायसनचे कळप, संध्याकाळी वळणावर अचानक समोर उभे, काळोख नसतो पण सावल्या लांब असतात, जपून. लिआर्डचे गरम पाण्याचे झरे तुमच्या मुलांना वेड लावतील. लाकडी फळ्यांच्या वाटेने दलदलीतून चालत जायचं. फक्त उगमाकडचं पाणी फार कढत असतं, मुलांना खालच्या टोकाला ठेवा. तिथे एक पूर्ण दिवस द्या. मग वॉटसन लेकला पाट्यांचं जंगल: १९४२ मध्ये घराची आठवण आलेल्या एका सैनिकाने आपल्या गावाची पाटी ठोकली, आता हजारोंनी झाल्यात. घरून मुलांकडून एक पाटी रंगवून आणा, मराठीत, हातोडी-खिळेही आणा.

व्हाइटहॉर्सला संग्रहालय नको म्हणालात, तरी बेरिंजिया केंद्र बघाच, मॅमथचा सांगाडा आहे आणि अस्वलाएवढा बीव्हर. त्याच्या शेजारीच विमानतळाबाहेर एक आख्खं डीसी-३ विमान खांबावर बसवलंय, वाऱ्याच्या दिशेने फिरतं, जगातलं सगळ्यात मोठं वातकुक्कुट. मुलांना वारा यायची वाट बघत बसवा, तुमचा चहा निवांत होतो. दक्षिणेला तासाभरावर कारक्रॉसचं वाळवंट, हिमयुगातल्या तळ्याच्या तळाची वाळू, घसरगुंडी करायला सोबत जुनं प्लास्टिक न्या. (तिथून पुढे स्कॅगवेला जायचा मोह होतो, पण ते अलास्कात, म्हणजे अमेरिका. भारतीय पासपोर्टवर असाल तर कॅनडाचं पीआर (कायम राहण्याचा परवाना) असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतोच, आणि आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांच्या कॅनडाच्या व्हिसावर परत आत येता येतं का तेही बघा.)

पश्चिमेला दोन तासांवर हेन्स जंक्शन, पुढे क्लुआनी तळं. तिथे एक गोष्ट दहा वर्षांच्या मुलीला नक्की दाखवा. कास्कावुल्श नावाची हिमनदी मागे हटली आणि २०१६ मध्ये तिचं पाणी स्लिम्स नदीत यायचं थांबून दुसऱ्याच खोऱ्यात वळलं, थेट दुसऱ्या समुद्राकडे. आता पुलावरून खाली बघितलं तर नदीच्या पात्रात धूळ उडते. भूगोलाच्या पुस्तकात जे हजार वर्षांत होतं म्हणून शिकवतात ते काही दिवसांत झालं. समोरच्या डोंगरावर पांढरे ठिपके दिसतात, त्या डॉल जातीच्या रानमेंढ्या, दुर्बीण लागेल.

डॉसन सिटी मुलांसाठी सोन्याहून पिवळी. रस्ते मातीचे, फुटपाथ फळ्यांचे, पर्माफ्रॉस्ट वितळून एकमेकांवर कललेल्या जुन्या इमारती. ऑगस्ट १८९६ मध्ये जवळच्या रॅबिट क्रीकमध्ये सोनं सापडलं आणि ओढ्याचं नावच बोनान्झा झालं. त्याच ओढ्यावर 'क्लेम ६' ही जागा लोकांना फुकटात सोनं शोधायला ठेवलीये, पॅन आपली आपण न्यायची. पाणी गारठणक, गमबूट आणि जास्तीचे मोजे. सोनं मिळालं तर कणभर मिळतं पण मिळतं, एक छोटी काचेची बाटली ठेवा.

झोपेचं: जूनअखेर व्हाइटहॉर्सला एकोणीस तास उजेड, डॉसनला तर अंधार होतच नाही. मुलं रात्री अकराला दगड फेकत असतात आणि सकाळी चिडचिडी. तंबूवर गडद ताडपत्री, डोळ्यांवर पट्टी, हॉटेलात असाल तर काचेला काळी कचऱ्याची पिशवी. आणि नॉर्दर्न लाइट्स विचारू नका, जुलैत दिसत नाहीत. ते हवे असतील तर ऑगस्टअखेर या, डासही कमी, टूमस्टोन लालभडक. पण तुमच्या शाळा.

चहाटळ:
रानमांजर यांना युकॉन सरकारने मानधन द्यावे ही नम्र विनंती.

उनाडबाप:
धागा वर काढतोय. जाऊन आलो. सविस्तर लिहायचं तर वेगळा धागा लागेल, इथे कामापुरतं.

टकला गेलो नाही. टूमस्टोनला राहिलो, जायच्या वाटेवरच एक टायर गेला, फळीचा तुकडा कामाला आला, भटकभवानी यांना दंडवत. चाक बदलेपर्यंत मुलांना जाळ्या घालून गाडीत बसवलं होतं तर चिरंजीवांनी आतून काचेवर बसलेले डास मोजायला घेतले आणि शंभरच्या पुढचे आकडे येत नाहीत म्हणून परत एकपासून. पाइका दिसला. पाइका पुन्हा दिसला. मग पोराने पाइकासारखी शिट्टी शिकून घेतली आणि ती कॅल्गरीपर्यंत ऐकली.

क्लेम ६ वर लेक चार तास बसली. खोटं नाही सांगत, चार तास, जेवायला उठली नाही. पॅनमध्ये वाळू घ्यायची, पाणी फिरवायचं, हलकी वाळू काठावरून जाऊ द्यायची, तळाशी काळी वाळू राहते आणि त्या काळ्या वाळूत बोटाने चाचपायचं. तीन ठिपके निघाले, मिठाच्या खड्याहून बारीक. शेजारी एक म्हातारे गृहस्थ पॅन फिरवत होते, त्यांनी तिला शिकवलं की बोट कोरडं करून ठिपक्यावर टेकवायचं म्हणजे तो चिकटतो, मग बाटलीतल्या पाण्यात बोट बुडवलं की सुटतो. बाटली आता देवघरात आहे.

वाईट काय: वणव्यांचा धूर. वॉटसन लेकच्या अलीकडे इतका होता की लिआर्डहून एक दिवस उशिरा निघालो. रस्त्याच्या स्थितीची सरकारी वेबसाइट रोज सकाळी रेंज असतानाच बघून घ्यायची, नंतर मिळत नाही. दुसरं, डेम्पस्टरच्या चिखलात धूळ बसवायला टाकलेलं कॅल्शियम क्लोराइड असतं, ते गाडीला सिमेंटसारखं धरतं. डॉसनला आल्या आल्या धुवा. आणि युकॉनच्या सरकारी कॅम्पग्राउंडमध्ये सरपण फुकट असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं की राव, आम्ही एडमंटनपासून लाकडं वाहून नेली.

रानमांजर:
मला वाटलं सगळ्यांना माहितीये :)

भटकभवानी:
तीन ठिपके ठीक आहेत. लेक पंधराची झाली की टक. मी टायरची यादी जपून ठेवते.

केळीचं_शिकरण:
मस्त! उनाडबाप, डॉसनहून 'टॉप ऑफ द वर्ल्ड' हायवेने अलास्कात जायचा विचार केला होतात का? आमच्या डोक्यात ते आहे. नदी ओलांडायची फेरीबोट आरव्हीला घेते का, आणि रांग किती असते?

उनाडबाप:
आम्ही नाही गेलो, व्हिसा एकाचा होता आणि एकाचा नव्हता. फेरीबोटीतून मात्र मुलांसाठी उगाच दोनदा गेलो, फुकट आहे आणि पाच-दहा मिनिटांची. आरव्ही घेते पण एकावेळी थोड्याच गाड्या मावतात, त्यामुळे दुपारी मोठ्या आरव्हींची लांब रांग बघितली.

रानमांजर:
सकाळी लवकर जा, रांग नसते. आणि पलीकडची बॉर्डर फक्त उन्हाळ्यात उघडी असते, रात्री बंद. अलास्काचं घड्याळ युकॉनच्या एक तास मागे आहे, वेळ बघताना कुठल्या बाजूची लिहिलीये ते पाहून घ्या, नाहीतर डोंगरावर गेटपाशी मुलांना घेऊन रात्र काढावी लागेल. त्या रस्त्यावर पेट्रोल डॉसननंतर थेट चिकनला, ते अलास्कातलं गाव. टाकी फेरीबोटीच्या अलीकडेच भरा.

केळीचं_शिकरण:
चिकन?? मुलांना हे नाव सांगितलं की आता प्लॅन बदलणं शक्य नाही. व्यनि (खाजगी निरोप) करते, आरव्ही कंपन्यांची नावं हवीयेत.